बाटलीतला कापूस

सुरुवातीचे काही आठवडे मला वाटायचं, तो कापूस कारखान्यातूनच येत असणार. पांढरी प्लास्टिकची बाटली, आत साठ गोळ्या, झाकण उघडलं की वर कापसाचा बोळा. आपल्याकडेही काही बाटल्यांत असतो. पण एकदा नव्या बाटल्या मी स्वतः उघडून दिल्या, तेव्हा आत कापूस नव्हता. महिन्याने त्याच बाटल्या परत आल्या, तेव्हा होता. मी नर्सला विचारलं. ती हसली. एक बाटली उचलून तिने माझ्या कानाशी खुळखुळवली, मग वर कापूस दाबला आणि पुन्हा हलवली. आवाज बंद.

मिनीबसमध्ये माणसाला माणूस चिकटून बसलेला असतो. कमरेच्या चितेंजेत, म्हणजे तिथल्या बायका लुंगीसारखं गुंडाळतात त्या रंगीत कापडात, बांधलेली बाटली वाजली की शेजारणीला कळतं ही कुठून आली ते. त्या आवाजाची बाटली २००५ साली आफ्रिकेतल्या मलावीत एकाच आजाराची होती, एचआयव्हीची.

मला लगेच कवठेमहांकाळकडची एक पेशंट आठवली. ती गोळ्या ज्वारीच्या डब्यात पुरून ठेवायची. घरात भाकरी तीच थापायची, त्यामुळे त्या डब्यात दुसऱ्या कुणाचा हात जात नसे. माणसं लपवायला किती हुशार असतात, आणि आपण डॉक्टर लोक त्यांना ‘औषधं वेळेवर घ्या बरं का’ असं लहान मुलाला सांगावं तसं सांगत बसतो.

हे लिहायला बसले त्याचं कारण एक सत्कार. गेल्या वर्षी आमच्या गावात झाला. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, आणि एक निवेदक, ज्याने मला ‘अंधाऱ्या खंडात ज्योत घेऊन गेलेली सावित्रीची लेक’ वगैरे केलं. मी खाली बघत बसले. मग त्याने माइक माझ्या तोंडासमोर धरला. ‘मॅडम, या कार्यामागची आपली प्रेरणा?’ मी काहीतरी बोलले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेत आमचे काका होते. मी पहिल्यांदा निघाले तेव्हापासून त्यांचा एकच प्रश्न आहे : ‘अगं, इथं पेशंट कमी पडले का?’ निवेदकाच्या प्रश्नापेक्षा मला काकांचा प्रश्न नेहमीच जास्त खरा वाटत आला आहे. त्यांनाही मी कधी नीट उत्तर दिलेलं नाही.

पेशंट इथं कमी नव्हते. उलट आमच्या पट्ट्यात जास्तच होते. सांगली जिल्ह्यातून द्राक्षांच्या, बेदाण्याच्या, साखरेच्या गाड्या देशभर जातात, आणि गाड्यांबरोबर माणसं. मी मेडिसीनची रेसिडेंट होते तेव्हा वॉर्डातल्या शेवटच्या चार खाटा ‘त्या’ पेशंटच्या असत. कुणी तसं ठरवलेलं नव्हतं, पण असत. राउंड तिथवर पोचेपर्यंत सरांची चहाची वेळ झालेली असे.

२००२ च्या हिवाळ्यात एक ड्रायव्हर आला. तिशीचा, तासगावकडचा, द्राक्षं घेऊन दिल्लीला जाणारा. टीबी निघाला, मग एचआयव्ही निघाला, मग बायकोचं रक्त तपासलं. तिचंही तेच. बायको चोविसेक वर्षांची होती. दोघांचे सीडी४, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशींचे आकडे, बाहेरून पैसे भरून करून आणले. आकडे मला आजही पाठ आहेत, पण सांगत नाही. एवढंच सांगते की तिचा आकडा त्याच्याहून कमी होता. म्हणजे औषधाची घाई तिला जास्त होती.

तेव्हा तीन औषधांची एकत्र गोळी बाजारात आलेली होती. महिन्याचा खर्च हजार-दीड हजारांच्या घरात, आणि तो जन्मभर. मी केसपेपरच्या मागच्या बाजूला हिशोब मांडून दाखवला : एका माणसाचे वर्षाचे इतके, दोघांचे इतके. ड्रायव्हरची आई समोर स्टुलावर बसली होती. तिने तो कागद बराच वेळ पाहिला. तिला वाचता येत होतं की नाही कोण जाणे, पण दोन आकड्यांतला मोठा कुठला हे तिला कळलं.

‘म्याडम,’ ती म्हणाली, ‘पोराचं तेवढं सुरू करा. सुनंचं बघू मागनं. म्हस इकून एकाचं भागंल.’

मी एका माणसाची चिठ्ठी लिहिली.

सून दाराशी उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. तिला कुणी काही विचारलं नाही. सासूने नाही, नवऱ्याने नाही आणि मीही नाही. सासूला मी पुष्कळ वर्षं मनातल्या मनात दोष दिला. मग एक दिवस लक्षात आलं की म्हैस विकणारी ती होती आणि चिठ्ठीवर सही करणारी मी होते. ‘हिचा आकडा कमी आहे, आधी हिचं सुरू करायला हवं’ एवढं एक वाक्य माझ्याकडे होतं. ते मी बोलले नाही. रात्रीचे अकरा वाजले होते, सहा ॲडमिशन बाकी होत्या, हे सगळं खरंच आहे.

ती २००३ च्या श्रावणात गेली. सरकारने मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं द्यायची योजना, १ एप्रिल २००४ ला सुरू केली, मोजक्या सरकारी रुग्णालयांत; महाराष्ट्रात मुंबईला जे. जे. मध्ये. आठ महिन्यांचं अंतर. नवरा आजही आहे. गाडी सोडली, रसवंती टाकली. औषध चांगलं होतं. ज्याला मिळालं त्याला लागू पडलं.

मलावीला गेले ती काही याचं प्रायश्चित्त म्हणून नाही. तेव्हा मी इतकी शहाणी नव्हते. एमडीचा एक पेपर राहिला होता, घरात लग्नाचं टुमणं होतं, आणि एका संस्थेची जाहिरात होती : दक्षिण मलावीत जिल्हा रुग्णालयात एचआयव्हीसाठी डॉक्टर पाहिजे. लांब जायचं होतं, हे खरं कारण. बाकीची कारणं नंतर, एकेक करून, सापडली.

त्यातलं पहिलं बाटलीवरच सापडलं. लेबलच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘इंडिया’. मिरजेच्या मेडिकलमधल्या कपाटात असायची तीच सिप्लाची ट्रायोम्यून. तासगावच्या सासूला म्हैस विकून घ्यावी लागलेली गोळी इथं ग्लोबल फंडाच्या, म्हणजे एड्स, टीबी, मलेरियासाठी जगभरातून पैसा गोळा करणाऱ्या संस्थेच्या, पैशातून फुकट वाटली जात होती. मलावीने २००४ मध्ये वाटप सुरू केलं होतं. पहिल्या दिवशी मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. कुणावर, ते मात्र कळेना.

ही गोळी स्वस्त का झाली, ही गोष्ट मराठी माणसाला माहीत असायला हवी. तिचा निम्मा भाग मुंबईत घडला आहे. १९९६ मध्ये तीन औषधं एकत्र दिली की माणूस वाचतो हे जगाला कळलं. पण त्या तीन औषधांचा खर्च वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर होता. अमेरिकेत, युरोपात खाटेला खिळलेली माणसं उठून कामाला जाऊ लागली आणि आफ्रिकेत शवपेट्यांचे सुतार दुकानं वाढवू लागले. आपल्याकडे १९७० चा पेटंट कायदा होता. त्यात औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळत नसे, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. पद्धत वेगळी काढली की तेच औषध बनवायची मुभा. त्या मुभेवर आपला औषधधंदा उभा राहिला. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीचे प्रमुख युसुफ हमीद यांनी जाहीर केलं की डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स या डॉक्टरांच्या सेवाभावी संस्थेला एका माणसाचं वर्षाचं औषध ३५० डॉलरला देऊ. दिवसाला एक डॉलरहून कमी. त्याच सुमाराला ३९ औषध कंपन्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला कोर्टात खेचलेलं होतं, स्वस्त औषधं आणू देणारा कायदा केला म्हणून. जगभर छी-थू झाली आणि एप्रिलमध्ये त्यांनी खटला मागे घेतला.

पुणे-सोलापूर रस्त्याने जाताना कुरकुंभची एमआयडीसी लागते. सिप्लाचा कारखाना तिथेही आहे. एसटीतून शंभर वेळा मी तिथून गेले असेन. नाकाला वास आला की खिडकी बंद करायची, एवढाच माझा त्या वसाहतीशी संबंध होता.

औषध स्वस्त झालं तरी ते आफ्रिकेत द्यायचं नाही, असं म्हणणारी शिकलेली माणसं पुष्कळ होती. २००१ मध्ये अमेरिकेच्या परदेशी मदत संस्थेचे प्रमुख अँड्र्यू नॅट्सियोस म्हणाले होते की आफ्रिकेतल्या बऱ्याच लोकांनी घड्याळ पाहिलेलं नाही, त्यांना ठरल्या वेळी गोळ्या घेणं जमायचं नाही. हे वाचून मला आमच्या गावची आठवण झाली. आजोबांकडे घड्याळ नव्हतं. साखर कारखान्याच्या भोंग्यावर त्यांचं सगळं चालायचं : गुरं सोडणं, जेवण, रक्तदाबाची गोळी. मलावीत भोंगा नव्हता, रेडिओ होता. सकाळच्या बातम्यांना एक आणि रात्रीच्या बातम्यांना एक. ज्याच्याकडे रेडिओ नाही त्याच्या शेजाऱ्याकडे असतो, आणि तो मोठ्याने लावायची तिथं रीतच आहे. २००६ मध्ये पुष्कळ अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला गेला, तेव्हा निघालं की नीट गोळ्या घेणाऱ्यांचं प्रमाण आफ्रिकेत ७७ टक्के आणि उत्तर अमेरिकेत ५५ टक्के. मनगटावर घड्याळं कुणाच्या होती ते सांगायला नको.

हिशोबावरून आणखी एक सांगते. आमच्या क्लिनिकमध्ये दर भेटीला गोळ्या मोजायच्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, साठ गोळ्यांची बाटली. अठ्ठाविसाव्या दिवशी आला तर चार उरल्या पाहिजेत. ट्रेमध्ये गोळ्या ओतायच्या, पट्टीने दोन-दोन सरकवायच्या, आकडा कार्डावर लिहायचा. एक बाई होती, चहामळ्यात पानं खुडणारी. (दक्षिण मलावीत मैलोन् मैल चहा आहे. मुन्नारला गेलेल्या माणसाला तिथं अजिबात परकं वाटणार नाही.) तिच्या गोळ्या दर वेळी बरोब्बर चार उरत. नर्स तिचं उदाहरण इतरांना देई. आणि तिचं वजन दर वेळी थोडं उतरत होतं. तिसऱ्या महिन्यात तोंडात पुन्हा पांढरे चट्टे दिसले, तेव्हा मी टीबी शोधला, मलेरिया शोधला, काहीच मिळेना. शेवटी नर्सने खुर्ची जवळ ओढली आणि तिच्याशी दहा मिनिटं हळू आवाजात बोलत बसली. मला शब्द कळत नव्हते. फक्त इतकं दिसलं की बाई एकदम रडायला लागली आणि नर्स एकदम चिडली.

सकाळची गोळी ती घेत होती, संध्याकाळची नवऱ्याला देत होती. नवरा क्लिनिकला यायला तयार नव्हता; चार लोक बघतील म्हणून. एका माणसाचं औषध तिने दोघांत वाटलं होतं, आणि वाटणी इतकी चोख की आमच्या मोजणीत ती बसून गेली.

नर्स चिडली ते बरोबरच होतं. अर्ध्या डोसाने विषाणू मरत नाही, औषधाला मात्र सरावतो. दोघंही गेले असते. मीही कडक चेहरा करून बसले होते. पण आतून मला दाराशी उभी असलेली, पदराचं टोक गुंडाळणारी दिसत होती. तिला कुणी अर्धी गोळीसुद्धा दिली नव्हती.

दोन आठवड्यांनी मळेवाली नवऱ्याला घेऊन आली. उन्हाळ्यात जाड कोट घातलेला माणूस, मान खाली. त्याचं कार्ड काढलं, त्याच्या नावाची वेगळी बाटली दिली. फुकट. कुणाचं आधी, कुणाचं मागनं, हा प्रश्न त्या खोलीत आलाच नाही. म्हणजे नियम तिथंही होते. कोण किती आजारी यावर नंबर लागे, सगळ्यांना लगेच औषध मिळत नसे. रांगेत माणसं गेलीही. पण रांग आजाराची होती, म्हशीची नव्हती. काकांना मी हे सांगायला हवं होतं, पण ते फोनवर सांगण्यासारखं नाही.

मलावीत तेव्हा दर लाख लोकांमागे जेमतेम दोन डॉक्टर होते. अशा देशात डॉक्टरांच्या भरवशावर राहिलं तर औषध गोदामातच सडणार. म्हणून त्यांनी सगळी योजना डॉक्टरशिवाय चालेल अशी आखली : सगळ्यांना एकच गोळी, एकच रजिस्टर, क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टर नव्हेत, पण उपचार करायला शिकलेले) आणि नर्स यांनी चालवायचं, आणि दर तीन महिन्यांनी मंत्रालयाची माणसं येऊन एकेक रजिस्टर तपासणार. आकडे जुळले की क्लिनिकला प्रशस्तिपत्र. आमच्या नर्सबाईंनी ते फ्रेम करून वजनकाट्याच्या वर लावलं होतं. मी तिथं ‘शिकवायला’ गेले होते. रजिस्टर भरायला मला त्यांनीच शिकवलं, आणि दोनदा चूक पकडून दिली.

गरीब देशाने जगाला शिकवलं, हे वाक्य भाषणात छान वाटतं आणि म्हणून संशयास्पद वाटतं. पण एक उदाहरण पक्कं आहे. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गरोदर बायकांसाठी जे सांगितलं, त्यात आधी सीडी४ मोजायचा आणि त्यावरून कुणाला जन्मभर औषध, कुणाला थोडे दिवस, हे ठरवायचं होतं. मलावीत सीडी४ ची यंत्रं मोजकी. बाई चार तास चालत आल्यावर ‘यंत्र बंद आहे, पुढच्या महिन्यात या’ म्हटलं की ती पुन्हा येत नाही. तिथल्या लोकांनी सरळ ठरवलं : पोटुशी किंवा अंगावर पाजणारी बाई पॉझिटिव्ह निघाली की त्याच दिवशी औषध, जन्मभर. आकडा बघायचाच नाही. २०११ मध्ये हे सुरू झालं. त्याआधी तीन महिन्यांत १,२५७ अशा बायकांना औषध सुरू होत होतं. २०१२ च्या तिसऱ्या तिमाहीत १०,६६३ जणींना झालं. २०१३ मध्ये जागतिक संघटनेने तेच आपल्या मार्गदर्शनात घेतलं. मी तेव्हा सहा महिन्यांसाठी परत गेले होते. आकडा न बघता औषध सुरू करताना पहिले काही दिवस हात अडखळायचा; आमच्या पिढीला आकड्याशिवाय सुचत नाही. आकडा माहीत असून मी काय केलं होतं, ते आठवलं की अडखळणं थांबायचं.

पण सगळं असं साजरं नव्हतं. ट्रायोम्यूनमध्ये स्टॅव्ह्युडिन हे औषध होतं. जीव वाचवायचं, आणि वाचवलेल्या जिवाचे पाय जाळायचं. वर्ष-दोन वर्षांत बायका चपला हातात घेऊन यायला लागल्या. तळव्यांना काही टेकवत नाही म्हणायच्या. काहींचे गाल बसले, हातापायांवरची चरबी गेली. गावात लोक चेहरा बघून ओळखायला लागले; कापसाने बाटलीचा आवाज बंद करता येतो, गालांचं काय करणार? युरोपात हे औषध तोवर जवळपास मागे पडलं होतं. आम्ही लिहीत होतो, कारण ते सगळ्यांत स्वस्त होतं. २००९ मध्ये ते हळूहळू बंद करा असा सल्ला आला, तरी मलावीत नवी गोळी पोचायला २०११ उजाडलं, आणि सगळ्यांपर्यंत जायला आणखी वेळ गेला. समान उपचार, समन्याय असले शब्द मी प्रस्तावांत खूप लिहिले आहेत. त्या शब्दांसमोर मला चपला हातात घेतलेल्या बायका दिसतात. न मिळण्यापेक्षा जळणारे पाय बरे, हे त्याही म्हणायच्या. पण तेवढ्यावर आपणही ‘बरं’ म्हणायचं का?

आणि मग २०१८. डोल्युटेग्राव्हिर नावाचं औषध आलं होतं, आधीच्या सगळ्यांपेक्षा सोसायला सोपं, दणकट. बोट्स्वानातल्या एका अभ्यासात गर्भ राहताना ते घेत असलेल्या ४२६ बायकांपैकी चौघींच्या बाळांना मज्जारज्जूचा दोष दिसला. सावध राहायला हवं होतं, ते योग्यच. पण अनेक देशांत सावधपणाचा अर्थ असा झाला की पुरुषांना नवं औषध, बायकांना जुनं. मूल नको असलेल्या, मुलं झालेल्या, सगळ्याच. त्यांना कुणी विचारलं नाही. हे वाक्य मी आधी एकदा लिहिलं आहे, माहीत आहे मला. फरक एवढाच की या वेळी बायका दाराशी उभ्या राहिल्या नाहीत. जुलैत रवांडातल्या किगालीत आफ्रिकेतल्या पॉझिटिव्ह बायका जमल्या आणि त्यांनी लेखी सांगितलं : धोका काय तो आम्हाला सांगा, ठरवू आम्ही. पुढच्या वर्षी आकडे वाढले तसा तो धोका १,६८३ मध्ये पाच एवढा खाली आला, आणि औषध सगळ्यांना खुलं झालं. ते निवेदन मी मिरजेत, घरी, मोबाइलवर वाचलं. मग उठून चहा टाकला आणि तो उतू गेला.

किगालीच्या त्या बायकांची नावं आपल्याकडे कुणाला माहीत नाहीत. ज्यांची माहीत असायला हवीत असे आणखी दोघे सांगते. युगांडाचे डॉ. पीटर मुगेन्यी, त्यांनी २००० मध्येच पेटंटवाल्यांना न जुमानता भारतातून औषधं मागवली. आणि दक्षिण आफ्रिकेचे झॅकी अख्मत, डॉक्टर नव्हेत, पेशंट. त्यांना औषध मिळू शकत होतं. सरकारी दवाखान्यात सगळ्यांना मिळेपर्यंत मी घेणार नाही, म्हणून २००३ पर्यंत घेतलं नाही. हे शहाणपणाचं नव्हतं, त्यांचे डॉक्टर हैराण झाले असणार. मी त्यांची डॉक्टर असते तर भांडले असते. पण निवेदकाला प्रेरणा हवी होती, तर ती असल्या माणसांकडे असते. ज्योत घेऊन गेलेल्यांकडे नाही.

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत एका सहीने थांबवली. आठवडाभरात आमच्या जुन्या नर्सचा मेसेज आला. गोळ्या आहेत, पण मोजायला माणसं नाहीत. पगार अमेरिकन पैशातून मिळणारे सगळे घरी. त्यात स्वतः पॉझिटिव्ह असलेल्या, घरोघर जाऊन गळालेल्या पेशंटना परत आणणाऱ्या बायका होत्या. सगळ्यांत कमी पगाराच्या आणि सगळ्यांत कामाच्या. त्या आधी गेल्या. नर्सने खाली एक फोटो पाठवला होता : कार्डांचा खोका, आणि त्यावर रबर लावलेला एक गठ्ठा, ‘न आलेले’.

त्याच वर्षी लेनाकापाव्हिरला अमेरिकेत मान्यता मिळाली. वर्षातून दोन इंजेक्शनं, आणि एचआयव्ही होतच नाही म्हटलं तरी चालेल. ज्या चाचणीवर ते सिद्ध झालं ती युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या तरुण मुलींवर झाली. इंजेक्शन घेतलेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. अमेरिकेत त्याची किंमत वर्षाला २८,२१८ डॉलर ठेवली. तेच इंजेक्शन हैदराबादच्या दोन कंपन्या २०२७ पासून गरीब देशांसाठी वर्षाला सुमारे ४० डॉलरला देणार आहेत. दोन्ही आकडे मी सवयीने एका कागदाच्या मागच्या बाजूला लिहिले. मधल्या काळात, २०२७ येईपर्यंत, कुणाचं आधी आणि कुणाचं मागनं, हे पुन्हा कुणीतरी ठरवत असणार. एखादी रेसिडेंट, रात्री अकरा वाजता.

काकांना अजून उत्तर दिलेलं नाही. मलावीतल्या पहिल्याच महिन्यातली एक गोष्ट मात्र त्यांना कधीतरी सांगेन म्हणते. एक अगोगो यायच्या. अगोगो म्हणजे आजी. दोन मुलगे आणि एक सून पुरलेल्या, चार नातवंडं घरात, आणि आता स्वतः आजारी. औषध सुरू करायच्या आधी त्यांनी नर्सला बाटलीवरचं सगळं वाचून दाखवायला लावलं. प्रत्येक शब्द. शेवटी ‘इंडिया’ आलं तेव्हा त्यांनी बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी विचारलं.

नर्सने इंग्रजीत सांगितलं. अगोगो विचारतायत, हे औषध तुमच्याच देशात बनतं ना? म्हणजे तुमच्याकडे या रोगाने कुणी मरत नसेल.

बाहेर रांग मोसंबीच्या झाडापर्यंत गेली होती. नर्स माझ्याकडे बघत थांबली होती.

‘नाही,’ मी म्हणाले. ‘कुणी मरत नाही.’

तिने ते तसंच सांगितलं. अगोगोंनी मान डोलावली. चितेंजेच्या टोकाची गाठ सोडून त्यांनी कापसाचा बोळा काढला, घरूनच आणलेला, तो बाटलीत अंगठ्याने दाबून बसवला, झाकण लावलं आणि कानाशी नेऊन एकदा हलवून पाहिली.